‘नसते तर’चा हिशेब कोणाच्या वहीत?



या वेळची बैठक सौंदडला आहे. वर्धा-यवतमाळच्या काळ्या मातीतून येणाऱ्या आपल्या लोकांना गोंदिया-बल्लारशा लाइनीवरच्या या स्टेशनात उतरल्यावर जरा परक्यासारखे वाटेल. पराटी दिसत नाही, ज्वारीचे धांडे दिसत नाहीत. जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या आणि मालगुजारीच्या काळातले तलाव. कापसाचे रडगाणे धानाच्या मुलखात कशाला गायचे, असा प्रश्न दोन-चार गावांतून आमच्याकडे आलाही.

त्याचे उत्तर असे. धानवाल्याचा बोनस असो, कापूसवाल्याच्या डोक्यावरची आयात असो की ज्वारीवाल्यासमोरचे रेशन असो, निर्णय एकाच जातीच्या कागदावर होतो. त्या कागदावर लिहिलेले असते, ‘अमुक केले तर तमुक होईल.’ अर्थशास्त्री त्याला मॉडेल म्हणतात. मंत्री त्याच्यावर सही करतात. आणि आपल्याला ते कळते बाजार समितीच्या आवारात, बैलगाडी किंवा टेम्पो उभा केल्यावर. त्या कागदाची भाषा आपण एकदा समजून घेतलीच पाहिजे. न समजता शिव्या घातल्या तर दिल्लीचे काही बिघडत नाही. न समजता मान डोलावली तर आपले बिघडते.

कंट्रोलचा वाफा

आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा प्रक्षेत्रावर पहिल्याच हंगामात एक धडा मिळाला. खताचा गुण पाहायचा असेल तर खताच्या वाफ्याशेजारी बिनखताचा वाफा ठेवायचा. माती तीच, पाऊस तोच, बियाणे तेच. फरक फक्त खताचा. मग उत्पन्नात जो फरक येईल तो खताचा. त्या बिनखताच्या वाफ्याला कंट्रोल म्हणतात. आणि कोणत्या वाफ्यात खत टाकायचे ते चिठ्ठ्या काढून ठरवायचे. नाहीतर माणूस नकळत चांगल्या जमिनीला खत देतो आणि जमिनीचे श्रेय खताच्या थैलीला जाते. ही शिस्त इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात घालून दिली. म्हणजे कारण आणि परिणाम वेगळे ओळखण्याची ही विद्या शेतातूनच निघालेली आहे. आपल्याला ती परकी नाही. युरियाचा एक फेर चुकला आणि त्या चार ओळी पिवळ्या पडल्या, की कोणताही कास्तकार धुऱ्यावर उभा राहून हेच शास्त्र वापरतो.

अर्थशास्त्र्याची अडचण अशी, की त्याच्याजवळ दुसरा वाफा नसतो. गावागावांत चिठ्ठ्या काढून छोट्या योजना तपासता येतात. तशी पद्धत रुजवल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण कापसाचे आयात शुल्क अर्ध्या देशात काढून अर्ध्या देशात ठेवता येत नाही. देश एकच असतो, साल एकच असते. म्हणून अर्थशास्त्री तो दुसरा वाफा कागदावर पेरतो. शुल्क काढले नसते तर भाव किती राहिला असता? बोनस दिला नसता तर धान किती पिकले असते? हे ‘नसते तर’ कोणी डोळ्याने पाहिलेले नसते. ते जुन्या आकड्यांवरून आणि गृहीतांवरून रचलेले असते.

यात लबाडीच असते असे आमचे म्हणणे नाही. दुसरा मार्गच नसतो. आमचे म्हणणे एवढेच, की ‘नसते तर’ रचताना कोणाची वही उघडली यावर पुढे कोण जगणार आणि कोण बुडणार हे ठरते. गिरणीची वही उघडली जाते. शहरातल्या किराण्याची वही उघडली जाते. कास्तकाराची वही बंद राहते, किंवा त्याच्याजवळ वही नाहीच असे धरले जाते.

आपल्याच मेलेल्यांवरचा हिशेब

एक जुनी गोष्ट सांगतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. देशात सर्वांत जास्त माणसे जिथे मेली त्या प्रांतांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. तेव्हा सौंदडही मध्य प्रांतातच, भंडारा जिल्ह्यात. गोंदिया जिल्हा तर १९९९ साली वेगळा झाला.

पुढे योजनांच्या काळात अर्थशास्त्र्यांत एक मत पक्के झाले, की खेड्यात हात रिकामे आहेत. शेतीतली बरीच माणसे उचलून कारखान्यात नेली तरी पिकाला धक्का लागणार नाही. अमेरिकेच्या थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात हे मत तपासायला ही साथ घेतली. साथीने शेतीतले काम करणारे हात सुमारे ८ टक्क्यांनी घटले असा त्यांचा अंदाज होता. हात खरोखर फालतू असते तर पेरा घटायला नको होता. पण १९१९-२० चा पेरा १९१६-१७ च्या मानाने ४ टक्क्यांच्या आसपास कमी भरला. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला, की रिकामे हात ही कल्पना खोटी आहे. गरीब शेतकरी अडाणी नसतो, जवळ आहे त्यात तो चोख कारभार करतो, असे ते मांडत होते. याच शुल्ट्झ यांना १९७९ साली नोबेल मिळाले.

१९६७ साली अमर्त्य सेन यांनी या हिशेबावर बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आपल्या बोलीत असा. साथ सरासरीने येत नाही, घराघरात येते. एका घरातले कर्ते सगळे गेले तर त्याचे वावर पडीक राहील. शेजारच्या घरात हात रिकामे असले तरी ते वावर त्यांचे नाही. मग पेरा घटला म्हणून कोणाचेच हात रिकामे नव्हते असे सिद्ध होत नाही.

दोघेही मोठे अर्थशास्त्री. आकडे तेच, मेलेली माणसे तीच, निष्कर्ष दोन. फरक कुठे पडला? घर पाहिले की सरासरी पाहिली, यावर. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

कास्तकार भाव ओळखतो

दुसरी गोष्ट तर थेट कापसाची. साहेबाच्या राज्यात आणि नंतरही पुष्कळ पंडितांना वाटे, की हिंदुस्थानातला शेतकरी भावाकडे पाहून पेरत नाही. बाप पेरत होता म्हणून तो पेरतो. भाव वाढवून दिला तर उलट आळशी होतो. राज कृष्ण या अर्थशास्त्र्याने १९६३ साली फाळणीपूर्व पंजाबातील पिकांच्या क्षेत्राचे आणि भावांचे कित्येक वर्षांचे आकडे एकमेकांसमोर मांडले आणि दाखवून दिले, की कापसाचा भाव इतर पिकांच्या मानाने वाढला की पुढच्या हंगामात कापसाचा पेरा वाढतो, आणि घसरला की घटतो.

तुम्ही म्हणाल, हे सिद्ध करायला पंडित कशाला पाहिजे? बरोबर आहे. पण हे सिद्ध झाल्यावर दिल्लीच्या कागदावर एक रकाना कायमचा वाढायला हवा होता: ‘या निर्णयाने कास्तकाराचा भाव इतका हलेल, म्हणून पुढच्या साली पेरा इतका हलेल.’ साठ वर्षे उलटून गेली. निर्णय जाहीर होताना हा रकाना आम्हाला कधी वाचायला मिळालेला नाही.

अकरा टक्क्यांची गोष्ट

आता अलीकडचे पाहू. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर अधिभारासह ११ टक्के शुल्क बसले. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांपुरते उठवले. तेव्हा भाव चढे होते आणि बहुतेकांचा कापूस विकून झालेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि लगेच पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. अमेरिकेने त्याच महिन्यात भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवले होते. आपल्या कापड उद्योगाला स्वस्त रुई मिळाली तर तो तग धरील, असा निर्णयामागचा तर्क.

तर्क खोटा नाही. त्यातली साखळी अशी: शुल्क गेले, बाहेरची रुई स्वस्त झाली, सूत स्वस्त पडले, कापड विकले गेले, कामगाराचा रोजगार टिकला. प्रत्येक कडीला कारण आहे आणि परिणाम आहे. पण याच साखळीला दुसरीकडे एक फाटा फुटतो. तो कागदावर नसेल तर आपण काढू.

समजावण्यापुरते आकडे धरतो. बाहेरची रुई बंदरावर १३५ रुपये किलोने उतरते. त्यावर ११ टक्के शुल्क बसले की गिरणीला ती साधारण १५० ला पडते. म्हणजे आपली रुई १५० पर्यंत चढली तरी गिरणीला बाहेर जाण्यात फायदा नाही. शुल्क शून्य झाले की हे छत १३५ वर येते. किलोमागे १५ रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. ३४ गुणिले १५, झाले ५१० रुपये. एका क्विंटलला पाचशे दहा. कोरडवाहू एकरी ५ क्विंटल धरले तर एकराला २,५५० आणि चार एकरवाल्या घराला १०,२०० रुपये. दरवेळी भाव छताला टेकलेला असतोच असे नाही, म्हणून दरवेळी पूर्ण १५ रुपये जातीलच असेही नाही. सरकीचा भाव वेगळा हलतो. पण छत खाली आले हे तर खरे. आणि ते खाली आले कधी? पहिल्या वेचणीच्या तोंडावर, आणि वर जायला मोकळे झाले बहुतेक घरचा कापूस विकून झाल्यावर.

‘हमीभाव होता ना,’ असे उत्तर मिळते. होता. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. पण कागदावरचा हमीभाव आणि केंद्रावरचा हमीभाव यांच्यामध्ये मोबाइलवरची नोंदणी आहे, सातबारावरचा पिकपेरा आहे, ओलाव्याची ८ ते १२ टक्क्यांची अट आहे, केंद्रापर्यंतचे भाडे आहे आणि उधारीवाल्याचा तगादा आहे. हे सगळे पार करणाऱ्याला हमीभाव मिळाला. ज्याने वेचणीच्या बायांची मजुरी चुकवायला खेडा खरेदीत कापूस टाकला, त्याला त्या खाली आलेल्या छताखालचा भाव मिळाला. मॉडेलमध्ये मात्र ‘हमीभाव आहे’ एवढे एक वाक्य लिहिले की हा फाटा बंद होतो.

आणि हा खेळ एकाच बाजूला झुकलेला आहे. भाव चढले की ‘हस्तक्षेप’. ५ मार्च २०१२ ला कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी आली, ओरड झाल्यावर काही दिवसांत शिथिल करावी लागली. भाव पडले की ‘बाजाराचा नियम’. चढत्या भावाचे कारण सरकारला लगेच सापडते, पडत्या भावाचे कारण मात्र नेहमी आभाळात किंवा परदेशात असते.

पुढे काय होते ते राज कृष्णांनी सांगूनच ठेवले आहे. देशातला कापसाचा पेरा २०२२-२३ साली १२९ लाख हेक्टरांच्या आसपास होता, तो २०२४-२५ साली ११५ लाखांच्या खाली आला. हे एकट्या भावाने झाले असे आम्ही म्हणणार नाही. गुलाबी बोंडअळी आहे, वेचणीची मजुरी आहे, अवकाळी आहे. पण पेरा घटला की रुई कमी, रुई कमी म्हणून आयात, आयात म्हणून भाव पडला, भाव पडला म्हणून पेरा आणखी घटला. आजचा भाव पुढच्या पेऱ्याला कसा हलवतो, याला अर्थशास्त्र्यांच्या पुस्तकात कोळ्याचे जाळे म्हणतात. पुस्तकात ते पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकवतात. मग निर्णयाच्या दिवशीच ते कसे विसरतात?

एक कास्तकार, तीन हिशेब

आता जगाच्या बाजारात आपला हिशेब कसा होतो ते पाहा. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. तिच्या शेती करारात सरकार शेतकऱ्याला किती आधार देते हे मोजण्याचे सूत्र आहे. आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६ ते ८८ सालचा जगाचा भाव वजा करायचा आणि उरेल त्याला मालाने गुणायचे. लक्षात घ्या, आजचा भाव आणि १९८६-८८ चा भाव! आजीच्या लग्नातल्या लुगड्याच्या किमतीशी नातीच्या लग्नातल्या लुगड्याची किंमत ताडून पाहायची आणि म्हणायचे, बापाने नातीवर फार उधळले.

भारत हा हिशेब डॉलरमध्ये करतो आणि सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेला माल धरतो. तसा केला की कापसाचा आधार १० टक्क्यांच्या मर्यादेत बसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार मांडली. तिने हिशेब रुपयांत केला, देशात पिकलेला सगळा कापूस धरला, आणि २०१०-११ ते २०१६-१७ या वर्षांत भारताने कापूसवाल्याला पिकाच्या किमतीच्या ५३ ते ८१ टक्के आधार दिला असे दाखवले. यवतमाळच्या कास्तकाराला हे वाचून दाखवले तर तो विचारील, ‘तो आधार कोणत्या पोस्टात पडून आहे?’

त्याच २०१८ साली तिसरा हिशेब आला, श्रीमंत देशांची ओईसीडी आणि दिल्लीची इक्रिअर या संस्थांचा. त्यांनी ‘नसते तर’ वेगळे धरले. निर्यातबंदी, साठ्यावरची बंधने आणि इतर धोरणे नसती तर शेतकऱ्याला त्या-त्या वर्षीच्या जगाच्या बाजाराप्रमाणे काय मिळाले असते? उत्तर निघाले, की २००० ते २०१६ या काळात सगळी पिके मिळून भारतीय शेतकऱ्याचे ढोबळ उत्पन्न धोरणांमुळे सरासरी १४ टक्क्यांनी कमी राहिले. म्हणजे आधार उणे. गॅटच्या वाटाघाटीत खुद्द भारत सरकारने दिलेल्या १९८६-८८ च्या आकड्यांतही पिकांचा एकूण आधार उणेच होता.

कास्तकार तोच. कापूस तोच. एका कागदावर तो लाडावलेला, दुसऱ्यावर मर्यादेतला, तिसऱ्यावर लुटलेला. कोणी गुणाकार चुकला नाही. प्रत्येकाने कंट्रोलचा वाफा वेगळा धरला. म्हणून कोणी आकडा तोंडावर फेकला की घाबरू नका. एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, तुमचे ‘नसते तर’ कोणते?’

धान आणि ज्वारी

सौंदडच्या यजमानांची गोष्टही याहून वेगळी नाही. धानाला पूर्वी हमीभावावर क्विंटलमागे ७०० रुपयांपर्यंत बोनस मिळाला. क्विंटलवर पैसा लावला की माल पैशाकडे धावतो. आडपडद्याने व्यापाऱ्याचा धान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतो. नवल नाही. कापसाच्या एकाधिकार खरेदीत तिकडे भाव बरा असला की आपलाच कापूस रात्री राज्याची सीमा ओलांडत होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. मग २०२२-२३ पासून सरकारने क्विंटल सोडून हेक्टर धरला: हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, आणि पुढच्या हंगामाला २०,०००. एक भोक बुजले, दुसरे पडले. हेक्टरवर पैसा लावला की तो सातबाऱ्याकडे धावतो. जो ठेक्याने किंवा अधेलीने बांधी करतो, चिखलात उभा राहून रोवणी करतो, त्याच्या हाती काय? निर्णय वाईट होता असे नाही. पण ‘शेतकरी म्हणजे सातबारा’ हे गृहीत त्यात मुकाट्याने बसलेले होते.

ज्वारीचे तर गृहीतसुद्धा कोणी धरले नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो झाला. जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला. गरिबाच्या पोटात अन्न गेले, आम्ही त्याविरुद्ध नाही. आपल्याच घरात तो येतो. पण रेशनची थैली घरात आली तेव्हा भाकरीची ज्वारी बाजारात कोणासाठी राहिली? ज्वारी गेली तशी कडब्याची पेंडी गेली, पेंडी गेली तसा गोठा रिकामा झाला. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. रेशनच्या हिशेबात ज्वारीच्या भावाचा रकाना तेव्हा तरी घातला का?

पात्र की अपात्र

आता सर्वांत जड गोष्ट. ती टाळून पुढे जाता येत नाही.

आपल्या भागात घरातला कर्ता गेला की सरकारदरबारी एक कागद भरला जातो. २००५-०६ पासून एक लाख रुपयांच्या मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवतात. जमीन नावावर होती का? कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का? नापिकी आणि तगादा होता का? हे रकाने जुळले तर पात्र. भावांनो, हाही एक मॉडेलच आहे. मृत्यूला कारण कोणते, हे ठरवणारा एका पानाचा मॉडेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली या प्रश्नाचा अहवाल दिला. पाठोपाठ २००६ च्या सुरुवातीला मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे श्रीजित मिश्र यांचा अहवाल राज्य सरकारकडे गेला. मिश्र यांनी आपल्या वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांत फिरून जे केले ते कंट्रोलच्या वाफ्याचेच काम. ज्या घरात आत्महत्या झाली ते घर आणि तशाच परिस्थितीतले, पण आत्महत्या न झालेले घर, अशी तुलना केली. काय दिसले? गेलेल्यांच्या घरी थकीत कर्ज जास्त. कुटुंब मोठे. आणि मालमत्ता कमी, त्यातही बैल कमी. एका घरात कारणे अनेक आणि एकात एक गुंतलेली, हा त्या अभ्यासाचा गाभा.

बैल! दिल्ली-मुंबईच्या अभ्यासात बैलाचे नाव निघाले, कारण ते अभ्यासक घरात शिरले होते. आणि ‘पात्र-अपात्र’च्या कागदावर बैलाचा रकाना नाही. जमीन बापाच्या नावे आणि कसणारा मुलगा, अपात्र. ठेक्याची जमीन, अपात्र. कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून घेतलेले हातउसने, बिनपरवान्याचा सावकार, अपात्र. बाई स्वतः शेती करत होती पण सातबारा नवऱ्याचा, अपात्र. कारण होते, परिणाम तर समोर खाटेवर होता. फक्त रकाना नव्हता. त्या विधवेला ‘अपात्र’ असा शेरा असलेला कागद मिळतो तेव्हा तिला कोणी सांगत नाही, की चूक मेलेल्याची नसून छापलेल्या कागदाची आहे. ते सांगण्याचे काम आपले आहे.

अर्थशास्त्र्यांवर सरसकट राग धरू नका, तो या कारणाने. ज्याने घर पाहिले त्याचा अभ्यास आपला साक्षीदार आहे. ज्या कागदाने घर पाहिलेच नाही, त्याच्याशी आपले भांडण आहे.

आमचीही चूक

दुसऱ्याची वही तपासताना आपली लपवून चालणार नाही. आमच्या सभांत आम्हीही एका कारणाचे भाषण ठोकत आलो. कधी सगळा दोष बियाण्याचा, कधी सगळा आयातीचा, कधी सगळा बँकेचा. टाळ्या पडतात. पण शेतीची पदवी घेतलेल्यांनी तरी असे करायला नको होते. बोंडअळीने अर्धी बोंडे किडली त्या वर्षी ‘आयातीने मारले’ एवढेच म्हटले तर विरोधक अळीकडे बोट दाखवतो आणि आपला खरा मुद्दाही वाया जातो. एका कारणाचे भाषण आणि एका रकान्याचा कागद, दोन्ही एकाच माळेचे मणी.

मग करायचे काय

सौंदडच्या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या आणि एक काम ठेवत आहोत.

मागणी पहिली: आयात शुल्क, निर्यातबंदी किंवा साठ्याची मर्यादा बदलणारा प्रत्येक निर्णय निघताना त्यामागचा हिशेब मराठीसह लोकांच्या भाषांत छापला जावा. त्यात कास्तकाराच्या दारातल्या भावाचा, पुढच्या पेऱ्याचा आणि वेचणीच्या मजुरीचा रकाना असावा.

मागणी दुसरी: पेरणी झाल्यापासून वेचणी संपेपर्यंत खेळाचा नियम बदलू नये. पेरताना जो भाव मनात धरून कास्तकाराने बियाणे टाकले, तो सरकारने मध्येच मोडला तर फरक सरकारने भरावा.

मागणी तिसरी: ‘पात्र-अपात्र’चा कागद बदलावा. कसणारा तो शेतकरी, मग सातबारा कोणाचाही असो. आणि कर्ज ते कर्ज, मग देणारा कोणीही असो.

आता काम. मागण्या करून घरी बसायचे नाही. प्रत्येक गावाने दहा घरे निवडावीत, आणि चिठ्ठ्या काढून निवडावीत. पुढाऱ्यांचीच दहा नकोत. दहा घरांची एक वही. कापूस आणि ज्वारी कोणत्या तारखेला विकली, कोणाला, किती वजन, ओलावा किती लावला, भाव काय, भाडे-हमाली काय गेली, पैसे कधी हाती आले. गोंदियाकडच्या गावांनी धानाचे तसेच लिहावे. शुल्क बदलले की त्या तारखेवर लाल रेघ ओढायची. रेघेच्या आधीच्या चार आठवड्यांतला कापसाचा भाव आणि नंतरच्या चार आठवड्यांतला भाव पाहायचा. त्याच आठवड्यांत ज्वारीचा भाव किती हलला तोही पाहायचा. कापसाच्या शुल्काशी ज्वारीचा थेट संबंध नाही. म्हणून गावातली पैशाची टंचाई, पाऊसपाणी, सणवार यांनी दोन्ही भाव जेवढे हलले तेवढे वजा होतात आणि कापसाचा जादा फरक उरतो. हिशेब अगदी नितळ होणार नाही, कापसाची आवक आणि जगाचा बाजार यांचा वाटा त्यात राहीलच. पण शंभर गावांच्या शंभर वह्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की ती नुसती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो. अर्थशास्त्री नेमके हेच करतात. त्यांच्याजवळ बाजार समितीचा सरासरी भाव असतो, आपल्याजवळ घराचा भाव असेल.

वही शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहिली तरी चालेल. बहुतेक घरांत तिचेच अक्षर चांगले असते. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने झेंड्याबरोबर वही आणावी. ज्यांची वही नसेल त्यांना बोलायला वेळ मिळेल, पण वहीवाल्यांच्या नंतर.